अंग दुखलं नाही म्हणजे वर्कआउट फुकट गेला का? दुखणं कसं ओळखायचं आणि प्रगती कशी मोजायची

गोव्यातल्या फोंड्याच्या आमच्या जिममध्ये हा प्रश्न महिन्यातून एकदा तरी येतोच. नवीन मुलगा चार-पाच आठवडे नियमित येतो, मग एके दिवशी सेट झाल्यावर जवळ येऊन हळूच विचारतो, "दादा, आता अंगच दुखत नाही, काय चुकतंय काय?" पहिल्या आठवड्यात मांड्या इतक्या भरून आलेल्या असतात की खुर्चीवर बसताना हात टेकावे लागतात, आणि आता तेच स्क्वॉट (वजन घेऊन बसून उठणं) जास्त वजनाने मारूनसुद्धा सकाळी उठल्यावर काहीच नाही, त्यामुळे त्याला वाटतं व्यायाम लागायचा बंद झाला. मग तो मनानेच दोन एक्सरसाइज वाढवतो, सेट वाढवतो, कुठलंतरी रील बघून लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) मारतो शंभर, पुन्हा दुखायला लागलं की खूश होतो. दोन महिन्यांनी बघावं तर वजन तिथेच, रेप (एका सेटमध्ये सलग किती वेळा केलं ते) तिथेच, आणि गुडघा धरलेला.

सरळ सांगतो. दुखण्यावरून एवढंच कळतं की स्नायूला काहीतरी नवीन मिळालं किंवा सवयीपेक्षा जास्त मिळालं. स्नायू वाढतोय का, ताकद येतेय का, हे त्यावरून कळत नाही. त्याला वही लागते. ती कशी ठेवायची, सुरुवात कशी करायची, दुखत असताना जायचं की नाही, हे सगळं खाली क्रमाने लिहितोय, जरा लांब आहे पण सवडीने वाचा.

आधी हे दुखणं येतं कुठून ते समजून घ्या

ज्यांच्या घरी शेत आहे त्यांना हे मी वेगळं सांगायला नको. पावसाळ्यात लावणीला पहिल्या दिवशी वाकून काम केलं की दुसऱ्या दिवशी कंबर आणि मांडीची मागची बाजू अशी आंबते की सरळ उभं राहवत नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी तेच शेत, तोच चिखल, तेवढाच तरवा, आणि दुखणं जवळजवळ गेलेलं. म्हणून चौथ्या दिवशी लावणी कमी झाली असं कोणी म्हणत नाही. जिममध्येही नेमकं हेच होतं.

जिमवाले याला डॉम्स म्हणतात, म्हणजे उशिराने येणारं दुखणं. व्यायामानंतर साधारण १२ ते २४ तासांनी सुरू होतं, २४ ते ७२ तासांच्या मधे सगळ्यात जास्त असतं आणि पाच-सात दिवसांत जातं. "लॅक्टिक अ‍ॅसिड साचलं म्हणून दुखतं" हे अजून बरेच ट्रेनर सांगतात, पण ते तसं नाहीये. सेट मारताना जी आग होते ती वेगळी गोष्ट, आणि रक्तातलं लॅक्टेट तर व्यायाम थांबल्यावर तासाभरात खाली येतं, मग ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कसं दुखवणार? १९०२ सालीच थिओडोर हफ नावाच्या अमेरिकन संशोधकाने लिहून ठेवलंय की हे उशिराचं दुखणं स्नायूच्या आतल्या बारीक इजेमुळे येत असावं. आज जे माहीत आहे तेही त्याच दिशेचं आहे: स्नायूचे तंतू आणि त्याभोवतीचं आवरण ताणलं जातं, थोडी सूज येते, तिथल्या नसा हळव्या होतात आणि साधं दाबलं तरी दुखतं.

यात एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. स्नायू भार घेऊन लांब होत असताना जास्त दुखावतो, आखडताना कमी. परवतला चंद्रेश्वर भूतनाथाच्या देवळात पायऱ्यांनी गेला असाल तर आठवा, चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या जास्त करून उतरल्यामुळे, कारण उतरताना मांडीचा पुढचा स्नायू प्रत्येक पायरीला ब्रेक मारत असतो. जिममध्ये रोमानियन डेडलिफ्ट (कंबरेतून वाकून वजन उचलणं) आणि लंजेस दुसऱ्या दिवशी एवढे जाणवतात ते यामुळेच. आणि सायकल चालवून दम कितीही लागला तरी पाय तसे दुखत नाहीत.

आणि एकदा का स्नायूने ते काम केलं की तो सावध होतो. तेच काम पुन्हा केलं तर दुखणं बरंच कमी येतं, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणजे दुखणं कमी झालं हे शरीर शिकल्याचं लक्षण आहे, आणि त्यालाच लोक घाबरतात!

दुखणं आणि वाढ यांचा संबंध किती?

अमेरिकेत २०११ साली याच प्रश्नावर एक प्रयोग छापून आला. भार घेऊन स्नायू लांब होईल अशा खास सायकलवर दोन गट बसवले. एका गटाला आधी तीन आठवडे अगदी हळूहळू सवय लावली, दुसऱ्याला थेट कामाला लावलं. थेट बसवलेल्यांच्या मांड्या दुखल्या, रक्तात स्नायूला इजा झाल्याच्या खुणाही दिसल्या, सवय लावलेल्यांना फारसं काही झालं नाही. शेवटी मांडीची वाढ आणि ताकद बघितली तर दोन्ही गट सारखेच. माणसं सगळी मिळून १४च होती, म्हणजे प्रयोग लहान, पण आम्ही जिममध्ये जे बघतो त्याच्याशी हे अगदी जुळतं. २०१६ साली ब्राझीलमधल्या संशोधकांना असं दिसलं की पहिल्या काही दिवसांत शरीर जे नवीन प्रोटीन बांधतं ते बरंचसं डागडुजीतच जातं, इजा कमी झाल्यावर मग ते वाढीला लागतं. म्हणजे दर आठवड्याला मुद्दाम अंग ठणकवून घेणारा माणूस स्वतःला कायम डागडुजीतच अडकवून ठेवतो.

खांद्यांचंच बघा ना, बहुतेकांचे खांदे कधी फारसे दुखतच नाहीत आणि तरी वाढतात.

पायरी १: कुठलं दुखणं आहे ते ओळखा

साधं दुखणं असेल तर ते दुसऱ्या दिवशी सुरू होतं, स्नायूच्या मधल्या जाड भागात पसरलेलं असतं, बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना असतं, बोथट असतं, आणि दहा मिनिटं चाललं, अंग गरम झालं की सैल होतं.

थांबायचं दुखणं वेगळं असतं. सेट चालू असतानाच सणक आली, बोट ठेवून दाखवता येईल अशा एका जागी दुखतंय, सांध्यात दुखतंय, एकाच बाजूला आहे, सूज किंवा काळंनिळं झालंय, हातापायाला मुंग्या येतायत, गरम झाल्यावर कमी व्हायच्या जागी वाढतंय, यातलं काहीही असेल तर तो भाग बंद आणि डॉक्टर. कंबरेत उसण भरल्यासारखं झालं तर त्या दिवशी डेडलिफ्ट नाहीच, मित्र कितीही म्हणू देत "हलकं मार, मोकळं होईल". छातीत दुखून डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, घाम फुटत असेल, तर ते कालच्या बेंचप्रेसचं आहे असं समजून घरी पडून राहू नका.

आणि एक गोष्ट सगळ्यांनी पाठ करून ठेवा. फार जास्त व्यायामानंतर, विशेषतः मोठ्या गॅपनंतर आणि उकाड्यात, लघवी कोऱ्या चहासारखी गडद व्हायला लागली, स्नायू टम्म सुजला, हात-पाय उचलेना, तर एक तासही थांबू नका. स्नायू फुटून त्यातला माल रक्तात उतरतो आणि किडनीवर ताण येतो. बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) कॅज्युअल्टीत जा, नाहीतर जवळचं जे हॉस्पिटल असेल तिथे, आणि काय व्यायाम केला होता ते स्पष्ट सांगा. असं दुखणं मर्दुमकीचं नसतं.

पायरी २: पहिले तीन आठवडे मुद्दाम कमी करा

मी स्वतः जिमला लागलो तेव्हा पहिल्याच दिवशी ट्रेनरने पायांचे पाच एक्सरसाइज मारून घेतले, प्रत्येकी चार सेट. तिसऱ्या दिवशी बसमधून उतरताना पाय मुडपेनात, दांडा धरून आडवा होऊन उतरलो, मागच्या आजीने माझा दंड धरला होता. त्यानंतर नऊ दिवस जिमला गेलो नाही. त्या नऊ दिवसांत तीन वर्कआउट झाले असते, हे मला तेव्हा कोणीच सांगितलं नाही. माझ्याबरोबर त्या आठवड्यात लागलेले तिघे तर परत आलेच नाहीत, त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यांना वाटलं व्यायाम म्हणजे हेच.

म्हणून नवीन माणसाला मी असं लावतो. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सोडून, दर वेळी पूर्ण अंग. पाच हालचाली घ्यायच्या: बसून उठणं म्हणजे स्क्वॉट, कंबरेतून वाकून उचलणं म्हणजे रोमानियन डेडलिफ्ट, पुढे ढकलणं म्हणजे पुशअप किंवा डंबेल प्रेस, ओढणं म्हणजे रोइंग किंवा लॅट पुलडाऊन, आणि डोक्यावर ढकलणं. पहिल्या आठवड्यात प्रत्येकाचे दोनच सेट, दहा-दहा रेप, वजन असं की सेट संपल्यावर वाटलं पाहिजे अजून चार-पाच सहज झाले असते. दुसऱ्या आठवड्यात तेच दोन सेट पण वजन थोडं वर. तिसऱ्या आठवड्यात तीन सेट, आणि शेवटी दोन-तीन रेप शिल्लक. झालं, एवढंच.

"पण एवढ्याने काय होणार?" होतं. सुरुवातीच्या आठवड्यांतली ताकद बरीचशी मेंदू आणि नसांच्या शिकण्यातून येते, कुठला स्नायू कधी आणि किती लावायचा हे शरीर त्या काळात शिकतं, आणि ते शिकायला अंग मोडून घ्यावं लागत नाही. घरी करणार असाल तर बाल्कांवच्या सोप्यावर (घरापुढच्या ओसरीतल्या बांधीव बाकावर) हात टेकून पुशअप मारा, जमिनीवरच्यापेक्षा सोपे जातात, आणि २० लिटरचा पाण्याचा कॅन भरला की २० किलो होतो, रोइंगला आणि वाकून उचलायला बरा पडतो. कमी वजन पाहिजे तर कॅन अर्धा भरा.

पायरी ३: वही ठेवा, खरी मोजणी तिथे आहे

मोबाइलवर अ‍ॅप आहेत, वापरा खुशाल, पण मी वहीच सांगतो कारण फोन हातात घेतला की दोन मिनिटांची विश्रांती दहा मिनिटांची होते. पेन्सिलने लिहा. पावसाळ्यात आमच्याकडे पानं दमट होतात आणि घामाचा हात लागला की पेनाची शाई फुटते, पूर्ण महिना वाचता येत नाही.

एक पान दाखवतो. आमच्याकडे एक ताई येतात, वय ४६, शाळेत शिकवतात, ओळी मारून शिस्तीत लिहितात. त्यांचा गॉब्लेट स्क्वॉट (छातीशी वजन धरून मारायचा) जूनच्या पहिल्या आठवड्यात असा होता: ८ किलो, तीन सेटचे रेप १०, १०, ९. बाजूला दुखण्याचा रकाना आहे, शून्य ते दहा, त्यात दुसऱ्या दिवशीचा आकडा ५. दुसऱ्या आठवड्यात ८ किलो, १२, १२, ११, दुखणं २. जूनच्या शेवटी १० किलो, दुखणं १. जुलै पूर्ण महिना दुखण्याच्या रकान्यात शून्य, शून्य, शून्य, आणि वजनाच्या रकान्यात १२, मग १४. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात १६ किलो, १०, १०, १०. वजन दुप्पट झालं ते दुखणं जवळजवळ शून्य असतानाच झालं. त्याच महिन्यात लंजेस नवीन घातले तेव्हा रकान्यात एकदम ४ आला आणि दोन आठवड्यांत परत खाली गेला. ज्याला शंका आहे त्याला मी हे पान दाखवतो, ताईंनी परवानगी दिली आहे.

वजन वाढवायचा नियम सोपा ठेवा. प्रत्येक एक्सरसाइजला ८ ते १२ रेपची मर्यादा. तिन्ही सेटला बारा रेप नीट फॉर्ममध्ये आले की पुढच्या वेळी वजन वाढवा, वरच्या अंगाला अडीच किलो, पायाला पाच. डंबेल वरच्या आकड्याचा एकदम जड वाटला तर बाराच्या ऐवजी पंधरा रेपपर्यंत जाऊन मग उडी मारा. वजन वाढवल्यावर रेप आठ-नऊवर येतील, येऊ देत, परत वर चढा.

महिन्यातून एकदा मापपट्टीने दंड, मांडी आणि कंबर मोजा, सकाळी, दर वेळी एकाच जागी. वर्कआउट झाल्या झाल्या मोजू नका, तेव्हा स्नायू फुगलेला असतो आणि आकडा खोटा येतो. तीन-चार आठवडे रेप, वजन, माप काहीच हललं नाही तर मग खरंच काहीतरी बदलायला पाहिजे, आणि तिथे पहिल्यांदा झोप आणि जेवण बघा, एक्सरसाइज नंतर.

पायरी ४: सेट पुरेसा कठीण आहे का?

दुखणं सोडलं म्हणजे गप्पा मारत हलके सेट मारायचे असं नाही हं, ही दुसरी चूक पण मी रोज बघतो. सेटचे शेवटचे दोन-तीन रेप आपोआप हळू व्हायला पाहिजेत, तुम्ही जोर पूर्ण लावताय तरी वजन सावकाश वर जातंय, असं. अजून एक ते तीन रेप निघाले असते अशा ठिकाणी थांबा. हा अंदाज नवीन माणसाचा हमखास चुकतो, त्याला वाटतं संपलं आणि आत अजून सहा शिल्लक असतात. म्हणून दोन-तीन महिने झाल्यावर मशीनवर किंवा पुशअपला, जिथे वजन अंगावर पडायची भीती नाही, तिथे एखादा सेट पूर्ण संपेपर्यंत मारून बघा, म्हणजे तीन शिल्लक म्हणजे काय ते कळतं. बेंचप्रेसवर एकट्याने हा प्रयोग नको.

एका स्नायूला आठवड्याला दहाच्या आसपास असे कठीण सेट बहुतेकांना पुरतात, आणि ते एकाच दिवशी कोंबण्यापेक्षा दोन दिवसांत वाटलेले बरे, दुखतंही कमी. मोठ्या एक्सरसाइजला मधे दोन-तीन मिनिटं बसा. घाई करून दम लागला म्हणजे स्नायूला जास्त काम मिळालं असं होत नाही.

पायरी ५: दुखतंय, आज जाऊ का नको?

शून्य ते दहाचा आकडा इथे परत काढा. तीनपर्यंत असेल तर ठरलेलं करा. चार ते सहा असेल तर जा, पाच-दहा मिनिटं चाला, रिकाम्या बारने एक-दोन सेट मारा आणि बघा: सैल झालं तर अर्धे सेट करून थांबा, तसंच राहिलं तर दुसरा भाग घ्या, पाय दुखत असतील तर वरचं अंग. सातच्या वर असेल, बसताना-उठताना चालच बदलली असेल, तर त्या भागाला सुट्टी, आणि मागच्या वेळी काय जास्त झालं ते वहीत शोधून तेवढं कमी करा. दुखत असताना स्नायूची ताकद तात्पुरती कमी असते, त्यामुळे त्या दिवशी रेकॉर्ड तोडायला जाऊ नका, आणि आकडा कमी आला म्हणून मनालाही लावून घेऊ नका.

पूर्ण पडून राहण्यापेक्षा हालचाल बरी. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी ओल्या घट्ट वाळूवरून अर्धा तास चाललं तरी पाय मोकळे होतात.

पायरी ६: उतारा काय करायचा

मालीश केल्याने थोडा आराम पडतो, घरी खोबरेल तेल गरम करून चोळलं तरी चालतं, जोराने रगडू नका. गरम पाण्याने बरं वाटतं. स्ट्रेचिंगने दुखणं फारसं कमी होत नाही, हे चांगल्यापैकी तपासलं गेलंय, आवडत असेल तर करा. बर्फाच्या पाण्यात बसायची फॅशन आलीय सध्या, त्याने दुखणं कमी वाटतं खरं, पण २०१५ साली छापून आलेल्या १२ आठवड्यांच्या प्रयोगात वजनाच्या व्यायामानंतर नियमित थंड पाण्यात बसणाऱ्यांची स्नायूंची वाढ कमी झाली. ज्यासाठी घाम गाळला तेच कमी, मग कशाला?

पेनकिलरचंही तसंच. स्वीडनमध्ये २०१८ साली तरुणांना आठ आठवडे रोज १२०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन देऊन बघितलं, तर मांडीच्या स्नायूची वाढ ते न घेणाऱ्या गटाच्या जवळपास निम्मी झाली. एखाद्या दिवशी गोळी घेतली म्हणून बिघडत नाही, पण लेग डे (पायांच्या व्यायामाचा दिवस) आला की गोळी ही सवय मोडा, पोटाला आणि किडनीलाही ती चांगली नाही.

खरा उतारा झोप आणि जेवण. झोप सात तास तरी, शिफ्टवाल्यांना कठीण आहे माहीत आहे, निदान नाइट शिफ्टनंतर थेट जिमला येऊ नका. प्रोटीन वजनाच्या दर किलोला रोज साधारण १.६ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९५च्या आसपास. आपल्याकडे हे अवघड नाही, पण ताटात भात मोठा आणि बांगडा एक असं असतं, ते बदलायला लागतं. १०० ग्रॅम मासळीत २०च्या आसपास प्रोटीन असतं, एका अंड्यात सहा, वाटीभर मुगाच्या किंवा चवळीच्या उसळीत सात-आठ, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ धरा. श्रावणात मासळी बंद झाली की बरेच जण नुसत्या भात-वरणावर येतात आणि मग म्हणतात ताकद गेली. त्या महिन्यात अळसांदे (गोव्याकडची मोठी चवळी), मूग, दही, पनीर, सोयाबीन मुद्दाम वाढवा.

पायरी ७: चवथीनंतर परत येताना

वर्षभरातलं सगळ्यात जास्त दुखणं आमच्या जिममध्ये कधी दिसतं, तर चवथ म्हणजे गणेश चतुर्थी झाल्यावर. माणसं गावी जातात, दहा-पंधरा दिवस काही नाही, आणि आल्या आल्या जुन्या वजनावर चढतात. दोन आठवड्यांत ताकद फारशी जात नाही, त्यामुळे वजन उचललं जातं, पण स्नायूची सवय थोडी सुटलेली असते आणि मग चार दिवस जिना चढवत नाही. शिमग्यात रोमटामेळात (ढोल-ताशांच्या मिरवणुकीत) नाचून आल्यावर पोटऱ्या भरतात तेही धरायला विसरू नका, तो पायांचा वर्कआउटच आहे, दुसऱ्या दिवशी स्क्वॉट ठेवू नका.

दोन आठवड्यांची सुट्टी झाली असेल तर पहिला आठवडा जुन्या वजनाच्या ऐंशी टक्के, म्हणजे ५० किलो मारत होता तर ४०, आणि तीनच्या जागी दोन सेट. दुसऱ्या आठवड्यात नव्वद टक्के, तीन सेट. तिसऱ्या आठवड्यात जुन्या आकड्यावर या. दोन-तीन महिन्यांचा गॅप असेल, आजारपण झालं असेल, तर सरळ पायरी २ वर जा आणि ते तीन आठवडे परत काढा, या वेळी वजन पहिल्यापेक्षा लवकर चढतं. वहीत नवीन पान काढून वर "चवथीनंतर, दिवस पहिला" लिहा, त्याखाली ४० किलो, दोन सेट, आणि दुखण्याचा रकाना रिकामा ठेवा, तो दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर भरायचा.